ऐसपैस

भोवरीने अकरा वर्षं अक्षरांना पोट आत घ्यायला लावलं होतं. औषधांच्या खोक्यांवर बारीक मजकूर असतो ना, सकाळी किती घ्यावं, कुणी घेऊ नये, कुठे ठेवावं, तो सगळा एवढ्याशा जागेत बसवणं हे तिचं काम. मजकूर डॉक्टर लिहायचे, खोक्याचं माप कारखाना ठरवायचा आणि दोघांचं भांडण भोवरीच्या टेबलावर मिटायचं. ती अक्षरांना दोन्ही बाजूंनी चेपायची, ओळीत आणखी तीन शब्द कोंबायची आणि पुढचं खोकं ओढायची. साहेब खूश असत. "तुमच्या हाताखाली हत्तीसुद्धा काडेपेटीत मावेल," असं ते चारचौघांत म्हणत आणि याला कौतुक समजत.

भोवरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण लहानपणी ती पाच मिनिटं एका जागी बसली की घरचे तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघत, म्हणून ते नाव पडलं आणि पस्तिशी आली तरी सुटलं नाही. अशा बाईला वर्षानुवर्षं काडेपेटीत हत्ती कोंबायला लावले तर एक दिवस भडका उडणारच. तो सातव्या वर्षी एका रविवारी सकाळी उडला. तिने सूड म्हणून एक 'ट' काढला. तो इतका रुंद आणि इतका गोल होता की कागदाच्या दोन्ही कडांना त्याचे खांदे लागले. त्याच्याकडे बघून ती एकटीच खदखदून हसली. मग त्याच्या शेजारी शोभेल असा 'ण' काढला. मग काना.

चार वर्षांच्या रविवारांत सगळी अक्षरं झाली. कंपासने काढावीत तशी वर्तुळं, पण जेवण झाल्यावर पट्टा सैल करून बसलेली. रेघ सगळीकडे एकाच जाडीची, कुठे टोक नाही, शेपूट नाही, नखरा नाही, कोपरे मऊ. डोक्यावरची रेघ सलग आणि दोन्ही टोकांना गोल, आणि अक्षरं तिला लोंबकळलेली. पुढच्या शतकात वापरायची अक्षरं कुणीतरी चुकून आधीच पाठवून दिल्यासारखी ती दिसत. या अक्षरांना नाव काय द्यायचं यावर भोवरीला डोकं खाजवावं लागलं नाही. तिने नाव ठेवलं 'ऐसपैस'.

आता अशी अक्षरं घ्यायची कुणी? ज्याला त्याला जागेची टंचाई. भोवरी झेरॉक्सच्या दुकानात तो पहिला 'ट' मोठा करून घेत होती, तेव्हा रांगेत मागे उभी असलेली एक ठेंगणी, सडपातळ बाई तिच्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "हे अक्षर उडतंय."

या मालकीणबाई. आधी सर्कशीत झुल्यावर होत्या, आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून त्यांनी गावाबाहेरचं एक रिकामं गोदाम घेऊन तिथे उड्यांचं घर काढायचं घाटलं होतं. आत बारा मोठ्या ट्रॅम्पोलिन, म्हणजे त्या उसळत्या जाळ्या, भिंती काळ्यानिळ्या, छताला बारीक दिवे. माणसाने उडी मारली की आपण पृथ्वी सोडली असं त्याला वाटलं पाहिजे, असा त्यांचा बेत. नाव ठरलं होतं 'टणाटण'. आणि ते समोरच्या भिंतीवर, दोन माणसांइतक्या उंचीवर लावायचं होतं.

"खालून वाचता नाही आलं तरी चालेल," मालकीणबाई म्हणाल्या. "वर गेलेल्या माणसाला वाचता आलं पाहिजे. उडीच्या टोकाला माणूस अर्धी पापणी थांबतो. तेवढ्यात वाचून झालं पाहिजे."

भोवरी घरी गेली, कपाटाच्या वर कागदाची अक्षरं चिकटवली आणि पलंगावर उड्या मारायला लागली. नेहमीची अक्षरं त्या अर्ध्या पापणीत एकमेकांत मिसळून त्यांचं पिठलं होत होतं. ऐसपैसची अक्षरं मात्र एकेक करून डोळ्यांत शिरत. खालच्या मजल्यावरचे काका तक्रार करायला वर आले. भोवरीने त्यांना चपला काढायला लावून पलंगावर चढवलं.

"काका, काय दिसलं?"

"टणाटण," काका म्हणाले, आणखी दोन उड्या मारल्या आणि तक्रार विसरून खाली गेले.

तर अशी मजा. पण मजेच्या मानेवर सुरी होती ती अशी, की भोवरीने कचेरीतून सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली होती आणि ती संपत आली होती. साहेबांनी निरोप धाडला, की गुरुवारी चार वाजता मी फोन करीन, येणार की नाही ते त्या वेळी सांगा, कारण तुमच्या खुर्चीवर बसायला दुसरी मुलगी तयार आहे. गुरुवारीच मालकीणबाई पाटी बघून निकाल देणार होत्या. पाटी पसंत पडली तर उड्यांच्या घरातल्या सगळ्या पाट्या ऐसपैसमध्ये होणार होत्या, आणि पुढच्या वर्षी निघणाऱ्या आणखी दोन घरांच्याही. म्हणजे भोवरीच्या भाकरीची सोय होणार होती आणि चार वर्षांचे रविवारही सार्थकी लागणार होते. नापसंत पडली तर पुन्हा काडेपेटी.

पाट्या करणाऱ्यांनी सहा आठवडे मागितले. भोवरीकडे होते दोन. मग ती गेली आत्याकडे.

आत्याचा कारखाना कपाटांचा. दारं, फळ्या, स्वयंपाकघरातले कप्पे, सगळं यंत्रावर कापून द्यायची. अठ्ठावन्न वर्षांची, अंगाने भरलेली, आणि एप्रनच्या खिशात एक पोलादी पट्टी. ही पट्टी तिने तीस वर्षांत खिशातून काढून कुणाला दिलेली कुणी पाहिली नव्हती. तिच्या कपाटांची दारं बंद होताना आवाज करत नसत. लोक म्हणायचे, भिंत वाकडी निघेल पण आत्याची फळी निघायची नाही. भोवरीला कचेरीतली नोकरीही आत्यानेच खटपट करून मिळवून दिली होती, त्यामुळे रजेचं ऐकल्यापासून ती धुमसत होती.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत गं," कागद हातात घेताना आत्या म्हणाली.

"म्हणून तर मोठं अंथरूण शोधतेय, आत्या."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर आहेच की तुझी नोकरी."

"माझी नाही, तुझी," आत्या म्हणाली. पण तिने चष्मा लावला आणि आकृती निरखायला लागली. याचा अर्थ ती कापून देणार होती. अक्षरं छातीइतकी उंच, पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकची, मागे दिव्यांच्या पट्ट्या. नऊ दिवसांत प्रत्येक अक्षर वेगवेगळ्या चादरीत गुंडाळून आत्याने गोदामावर पोचतं केलं. बुधवारी संध्याकाळी पाळणेवाल्याने ती भिंतीवर चढवली. माणसाला उभ्याने वर नेणारं चाकांचं यंत्र असतं, त्याला तिथे सगळे पाळणा म्हणत आणि ते चालवणारा तो पाळणेवाला. मनुष्य कामाला चोख, फक्त प्रत्येक वेळी वर जाताना "जपून हं" असं स्वतःलाच म्हणायचा.

गुरुवारी सकाळी अकराला मालकीणबाई आल्या, दिवे लावायला सांगितले आणि बूट काढून सरळ जाळीवर चढल्या. भोवरी खाली उभी. आत्याही पट्टीवर हात ठेवून शेजारी उभी. खालून पाटी झकास दिसत होती. काळ्यानिळ्या भिंतीवर पांढरीशुभ्र, चारही बाजूंनी उजेड सांडणारी.

मालकीणबाईंची पहिली उडी छातीइतकी, दुसरी माणसाइतकी, तिसरीला त्या पाटीच्या बरोबर समोर पोचल्या. आणि त्यांचं बोलणं उडीगणिक तुकड्यांनी खाली पडायला लागलं.

"रुंद आहे... छान!"

"वाचता येतं... लगेच!"

"पण..."

या 'पण'नंतर त्यांनी आणखी चांगल्या चार उड्या मारल्या. मग थांबल्या, कमरेवर हात ठेवले.

"काहीतरी खटकतंय हो. दोन्ही ट बसलेत. बाकीचे उभे आहेत आणि हे दोघे दमून बसलेत असं वाटतंय. मी तीनला परत येते. तोवर जमलं तर बघा. नाहीतर मी आपली साधी पाटी करून घेते, शनिवारी लोक यायचेत."

त्या गेल्या. भोवरीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने चपला भिरकावल्या आणि जाळीवर चढली. एक, दोन, तीन, आणि वर. अर्धी पापणी. खरंच की! ट बसका. खाली आली, पुन्हा वर. दुसराही ट बसका! चार वर्षं ज्याच्या पोटाचा घेर तिने केसाकेसाने वाढवला होता, तो ट ण-च्या शेजारी धाकट्या भावासारखा दिसत होता. म्हणजे आपल्याला अक्षरं काढताच येत नाहीत, असं तिला हवेतच वाटलं, आणि ती पाठीवर पडली. जाळीने तिला पुन्हा उभं केलं. दुःख करायला ही जागाच वाईट, माणसाला धड पडूनही राहता येत नाही.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"ट लहान दिसतोय."

"शक्यच नाही," आत्या म्हणाली आणि पाळण्यात जाऊन उभी राहिली. "चल रे, वर घे."

"जपून हं," पाळणेवाला म्हणाला.

आत्याने वर जाऊन ट मोजला, ण मोजला, काना मोजला, दुसरा ट, दुसरा ण. ती वरूनच गरजली, "बाराशे! बाराशे! बाराशे! सगळे बाराशे! एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही!"

भोवरी जाळीच्या मधोमध उभी होती ती हळूच खाली बसली.

"आत्या, ट बाराशे कसा? ट बाराशे अठरा होता."

वर पट्टी खिशात गेली. मग पाळणा खाली आला. आत्या उतरली, इकडेतिकडे बघितलं, पाळणेवाल्याला "तू जरा पाणी पिऊन ये" म्हणून पिटाळलं आणि भोवरीच्या कानाशी आली.

"होता," ती दबक्या आवाजात म्हणाली. "दोन्ही ट खाली अठरा मिलिमीटर लोंबत होते. म्हटलं, पोरीचा हात चळला. आधीच सगळे तुझ्याकडे डोळे लावून बसलेत, त्यात हे उघडं पडलं तर हसं व्हायचं. म्हणून मी यंत्रावर गुपचूप सरळ करून घेतलं. कुणाला बोलले नाही. तुलासुद्धा नाही." आणि तिने भोवरीच्या पाठीवर हात फिरवला. "चुकतो गं माणूस."

हसावं की रडावं हे भोवरीला कळेना. तिच्या धंद्यात ही गोष्ट इतकी रोजची, की आमटीत मीठ घाला असं जसं कुणी कुणाला सांगत नाही तसं हे कुणी सांगत नाही. गोल आकार सपाट आकारापेक्षा लहान दिसतो. ओट्यावर एक चौकोनी डबा आणि त्याच उंचीचा एक चेंडू शेजारी शेजारी ठेवा, चेंडू ठेंगणा वाटतो, कारण तो एकाच ठिपक्यावर टेकलेला असतो. म्हणून अक्षरं काढणारे गोल अक्षराला रेघेच्या थोडं खाली उतरू देतात, तेव्हा कुठे ते बाकीच्यांच्या बरोबरीचं दिसतं. हे भोवरीने आत्याला सांगितलं. दोनदा सांगितलं. चेंडूसकट सांगितलं.

"म्हणजे सारखं दिसण्यासाठी कमीजास्त करायचं?" आत्या म्हणाली.

"हो."

"मुद्दाम?"

"हो गं!"

"मग पट्टी कशाला शोधली माणसाने?" आत्याचा आवाज चढला. "तीस वर्षं मी मापात काम करतेय. पट्टी खोटं बोलत नाही."

"नाही बोलत. डोळे बोलतात. पण पाटी डोळ्यांनीच वाचायची ना, आत्या!"

"तुझी थेरं आहेत ही. कचेरीत होतीस तेव्हा कशी नाकासमोर चालायचीस."

हे लागलं. भोवरी उठली, आत्याचा दंड धरला आणि म्हणाली, "चपला काढ."

"काय?"

"चपला काढ आणि वर ये. खालून मान वर करून दिसत नाही, आणि पाळण्यातून नाक लावून दिसत नाही. समोरूनच दिसतं. तुला ट बसका दिसला नाही, तर मी आत्ता साहेबांना फोन करते आणि सोमवारी कचेरीत जाते. शब्द आहे माझा."

आत्याने घासाघीस न करता चपला काढल्या. एप्रन काढला नाही, पट्टी खिशातच. जाळीवर पाय ठेवला तशी जाळी खाली गेली आणि आत्या "अगं अगं अगं" करत भोवरीच्या गळ्यात पडली.

"गुडघे वाकव. आता सोड. वाकव, सोड."

पहिल्या पाच उड्या मोजण्यासारख्या नव्हत्या, आत्या नुसती हलत होती. सहावीला तिचे पाय सुटले. सातवीला चष्मा नाकावरून कपाळावर गेला. आठवीला ती जरा जास्तच वर गेली, बुडावर पडली, आणि जाळीने तिला तशीच बसल्या बसल्या पुन्हा हवेत पाठवली. पाळणेवाला पाणी पिऊन दारात आला होता तो तिथेच थिजला.

मग एक आवाज झाला. भोवरीला आधी वाटलं जाळीची स्प्रिंग तुटली. पण ती आत्या हसत होती. भोवरीने आत्याला शिंकताना पाहिलं होतं, रागावताना तर रोजच पाहिलं होतं, पण असं पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसताना कधीच पाहिलं नव्हतं. तिला इतका आनंद झाला की पाटीचं काय व्हायचं ते होवो असंसुद्धा क्षणभर वाटून गेलं.

"आत्या, पाटी! पाटी बघ!"

"बघते गं... जरा... जमू दे!"

पुढच्या उडीला आत्याने चष्मा एका हाताने डोळ्यांवर दाबून धरला, बरोबर वरच्या टोकाला पोचली, आणि भोवरीला खालून तिचा चेहरा दिसला. हसू थांबलं होतं. ती आणखी दोनदा वर गेली. मग पाय घट्ट रोवून उभी राहिली.

"बसलाय," ती म्हणाली. "दोन्ही बसलेत. मी बसवलेत."

सगळ्या गावाला दारं बसवून देणाऱ्या बाईने हे तोंडाने म्हणणं म्हणजे काही थोडं नव्हे.

"वाजले किती?" आत्याने विचारलं.

"बारा. आत्या, ट नव्याने कापायचा तर?"

"अ‍ॅक्रिलिकचं मोठं शीट चार दिवसांनी येईल." आत्या जाळीच्या कडेवर पाय सोडून बसली आणि पट्टीने गुडघ्यावर टकटक करायला लागली. तिची ही सवय कारखान्यात सगळ्यांना माहीत होती, टकटक चालू असली की कुणी मध्ये बोलत नसे. टकटक थांबली. "अगं, दार चौकटीत बसत नसलं तर आपण चौकट ताणतो का? दार तासतो. ट वाढवता येत नाही ना? मग जे उभे आहेत त्यांना तासू. किती दांडे आहेत? ण-चा एक, काना एक, शेवटच्या ण-चा एक. तीन! तीनच तर आहेत!"

भोवरीने तिच्या गालाचा मुकाच घेतला.

"लाळ नको लावू. करवत आण गाडीतून. आणि कानस."

"अठरा मिलिमीटर, आत्या."

"तुझ्या अठरावर माझा विश्वास नाही आणि माझ्या शून्यावर तुझा नसेल. थोडं थोडं काढू आणि बघू."

आणि मग त्या गोदामात जे सुरू झालं त्याला काम म्हणावं की दंगा, हे पाळणेवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. करवतीला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही हा आत्याचा नियम, म्हणून कापायला आत्याच वर जाणार. पण कापलेलं कसं दिसतं हे दुसऱ्याने सांगितलेलं तिला पटणार नाही, म्हणून बघायलाही आत्याच. ती पाळण्यातून वर जायची, तिन्ही दांड्यांच्या खालून दोनदोन मिलिमीटर कापायची, कानशीने कोपरे मऊ करायची, खाली यायची, जाळीवर चढायची, टण, टण, टण, आणि हवेतून ओरडायची, "अजून!" की पुन्हा पाळणा. तिसऱ्या फेरीला तिने एप्रन काढून फेकला. पाचव्या फेरीला पाळणेवाला "जपून हं" म्हणायचं विसरला. सहाव्या फेरीला तो म्हणाला, "बाई, मी पण एकदा बघू का? चार डोळे बरे." आणि तोही बूट काढून शेजारच्या जाळीवर चढला. भोवरी मधल्या जाळीवर होतीच. तिघं एकदम वर गेली की तिघांच्याही तोंडून एकदम शब्द निघायचा.

"अजून!"

"थोडं!"

"काना जास्त झाला!"

"नाही झाला, तुम्ही तिरके उडताय!"

आत्याच्या केसांचा अंबाडा सुटला होता, पांढऱ्या भुशाने तिच्या भुवया पिकल्या होत्या, आणि पट्टी एप्रनच्या खिशात जमिनीवर पडली होती. तिची तिला आठवणही नव्हती. नवव्या फेरीनंतर तिघं वर गेली, आणि कुणीच काही बोललं नाही. खाली आली, पुन्हा वर गेली. ट उठला होता. दोन्ही ट ऐटीत, ण-च्या खांद्याला खांदा लावून, पोट सोडून, आख्खी भिंत आपल्याच मालकीची असल्यासारखे उभे होते. कुणाचं काही खटकत नव्हतं. कुठे लक्षच जात नव्हतं, नुसतं वाचलं जात होतं. टणाटण.

"बस," आत्या म्हणाली.

तीन वाजता यायच्या त्या मालकीणबाई पावणेचारला आल्या. तोवर भोवरीने नखं कुरतडून संपवली होती आणि आत्याने अंबाडा तीनदा बांधला होता. मालकीणबाईंनी बूट काढले, वर चढल्या, एक, दोन, तीन. या वेळी त्यांच्या तोंडून तुकडे पडले नाहीत. एकदा वर गेल्या, दोनदा गेल्या, आणि चौथ्या वेळी त्या जुन्या झुल्यावरच्या बाईने हवेत एक आख्खी कोलांटी घेतली, गुडघ्यांना न विचारता, आणि दोन पायांवर उतरली.

"काय केलंत हो? सकाळी काय होतं?"

"मापात होतं," आत्या म्हणाली.

"आणि आता?"

"आता नाही."

"मग असंच राहू दे," मालकीणबाई म्हणाल्या. "सगळ्या पाट्या याच अक्षरांत करा. दारावरची, बुटांची, पाण्याची, सगळ्या. पुढच्या दोन्ही घरांच्यासुद्धा. आणि तुम्ही तिथे काय उभ्या आहात? या वर!"

हे भोवरीला होतं. तिचा जीव भांड्यात पडला आणि भांड्यातून उसळून पुन्हा वर आला. ती जाळीवर गेली ती किंचाळतच, आणि दोघी हातात हात धरून उड्या मारायला लागल्या. पाळणेवाल्याने कुणाची परवानगी न घेता छताचे दिवे लुकलुकवले.

आत्याने मात्र एप्रन उचलला, खिशातून पट्टी काढली आणि एकटीच पाळण्यात जाऊन उभी राहिली. वर जाऊन तिने तिन्ही दांडे मोजले. खाली आली तेव्हा तोंड असं केलं होतं की कुणाला वाटावं चोरी कबूल करतेय.

"किती आलं, आत्या?" भोवरीने हवेतून विचारलं.

"साडेसतरा."

"बघ!"

"काय बघ? अर्धा तुझा चुकलाच," आत्या म्हणाली. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चार वर्षं पोरगी दर रविवारी दार लावून काय करते म्हणून ती करवादली होती, आणि पोरीने तिथे बसून, एकही दांडा न कापता, नुसत्या नजरेने अठरा काढले होते. आत्याला तिचा अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला की काय करायचं याचं माप तिच्याकडे नव्हतं.

बाकावर भोवरीचा फोन वाजायला लागला. बरोबर चार. भोवरी जाळीवर, मालकीणबाईंचा हात हातात, केस चेहऱ्यावर, तिला ऐकूही गेलं नाही. आत्याने फोन उचलला.

साहेब होते. त्यांनी आवाज ओळखला. हिच्याच शब्दावर तर त्यांनी अकरा वर्षांपूर्वी भोवरीला ठेवून घेतलं होतं. "अहो, तुम्ही आहात होय! बरं झालं. त्यांची खुर्ची मी आजवर धरून ठेवलीय, केवळ तुमच्याखातर. कुठे आहेत त्या?"

आत्याने वर पाहिलं. भोवरी पाटीच्या समोर होती, हात दोन्हीकडे पसरलेले, अर्ध्या पापणीपुरती थांबलेली.

"ती वर आहे," आत्या म्हणाली.

"बरं, मग खाली आल्या की—"

"नाही हो, साहेब. ती आता काही खाली येत नाही. खुर्ची द्या त्या दुसऱ्या मुलीला. आणि तिलाही जरा मोकळं बसू द्या."

तिने फोन बाकावर ठेवला, त्याच्या शेजारी पट्टी ठेवली आणि पुन्हा चपला काढायला वाकली.